कुटाची बढती

सातारा-सांगलीकडच्या माणसाला दाणे खायला शिकवायचे, म्हणजे वारकऱ्याला पंढरपूरची वाट दाखवायची. भडंगात दाणे, उपासाच्या आमटीत दाणे, भाजीत कूट, शिवाय भाकरीबरोबर खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली चटणी. पण तालीम सुटून जिम लागल्यावर पोरानं फर्मान काढलं: कूट नको, पीनट बटर आणा! त्यात गोठवलेली केळी, दूध, व्हे पावडर घालून मिक्सर फिरवला, डबा फ्रीजरमध्ये ठेवला, की झालं हाय-प्रोटीन आइस्क्रीम.

१०० ग्रॅम दाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात; बरणीत बसल्यानं ती वाढत नाहीत. आणि जवळपास ५० ग्रॅम तेल असतं, तेही कुठं जात नाही. त्याच्याबद्दल जिममध्ये कुणी बोलत नाही, एवढंच.

व्हेची तऱ्हा तर औरच. चितळ्यांनी १९३९ साली भिलवडीत दूधधंदा उभारला, त्या सांगली जिल्ह्यात घरी पनीर केलं की उरलेलं पाणी मोरीत जातं. त्याच्याच चुलत घराण्यातली भुकटी मात्र हजारो रुपये मोजून येते.

आजी म्हणाली, "चिमूटभर गूळ टाक की रं."

"आजी, शुगर असते त्यात!" म्हणत पोरानं वरून मधाची धार धरली.