लाइनीची वहिवाट

जालन्यावर इंग्रजांचा थेट अंमल असा कधी बसलाच नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाची रयत होतो, आमची दफ्तरे उर्दूत लिहिली जात आणि आमचे कज्जे फारसी शब्दांच्या आधाराने लढले जात. असे असता इंग्रजीतील ‘लाइन’ हा चिमुकला शब्द या मुलखात इतका खोल रुजावा, की कोशकारांनी त्याला दिलेले अर्थ येथल्या माणसाला अपुरे पडावेत आणि येथल्या माणसाने त्याला दिलेले अर्थ कोशकारांच्या कानीही नसावेत, हे प्रकरण मला भाषाशास्त्रापेक्षा महसूल खात्याच्या अखत्यारीतले वाटत आले आहे.

लाइनीने आमच्या शिवारात पहिले पाऊल टाकले ते, माझ्या तर्काप्रमाणे, पायदळाच्या बुटांतून. भोकरदनपासून जवळच असलेल्या आसई गावी 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती वेलस्लीची गाठ पडली, तेव्हा केळणा नदीच्या काठाने दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली शिंद्यांच्या कवायती पलटणींची लाइन, शत्रू पूर्वेकडच्या उताराने नदी ओलांडत आहे असे दिसताच, पोलमन नावाच्या त्यांच्या युरोपीय सरदाराने काटकोनात वळवून केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात पुन्हा जशीच्या तशी उभी केली. वेलस्लीला ही अपेक्षा नव्हती. लढाई आपण हरलो; परंतु सबंध लाइन एका दमात काटकोनात वळवण्याची ती विद्या या मातीत शिल्लक राहिली, याची ग्वाही रेशनच्या दुकानापुढे तासभर उभा राहिलेला कोणीही इसम देईल. दुकानदाराने पुढचे दार लोटून बाजूची खिडकी उघडली, की क्षणार्धात ती लाइन अशी फिरते की शेवटचा पहिला होतो, पहिला शेवटचा होतो आणि मधला होता तिथेच राहतो.

त्यानंतर निजामाच्या कारकिर्दीत, 1900 च्या सुमारास, मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज लाइन आली. तिचे पुढे ब्रॉडगेज झाले. पण तिच्यामुळे गावाचे जे ‘लाइनच्या अलीकडे’ आणि ‘लाइनच्या पलीकडे’ असे दोन भाग पडले, ते काही सांधले गेले नाहीत.

तथापि आजमितीस या जिल्ह्यात नुसते ‘लाइन’ म्हटले, मागे-पुढे काही विशेषण लावले नाही, तर तिचा अर्थ एकच : वीज. पुण्या-मुंबईची ‘लाइट’ जाते, आमची लाइन जाते. ती स्त्रीलिंगी का, असे मला एका पाहुण्याने विचारले होते. ओळ, रांग, रेघ, वाट, तार या ज्या जुन्या मालकिणींच्या घरात ती शिरली त्या सर्व स्त्रियाच होत्या, हे त्याचे व्याकरणशुद्ध उत्तर. परंतु ज्याने तिची वाट पाहिली आहे त्याला व्याकरणाची गरज पडत नाही. ती येते म्हणजे कृपा करते, जाते म्हणजे रुसते, आणि तीन फेजांपैकी एक घरी ठेवून आली, तर येऊनही उपयोग नसतो.

शेतीची लाइन एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची, असा शिरस्ता आमच्याकडे वर्षानुवर्षे चालत आला. सौर पंपांनी हल्ली त्यात खंड पाडला आहे. परंतु ज्याची विहीर अद्याप तारेवर अवलंबून आहे, त्याने मोसंबीच्या बागेत, अंगावर घोंगडे, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात खोरे घेऊन, बांधावर उकिडवे बसून मध्यरात्रीच्या लाइनीची जी आराधना करावी, तीत आणि एखाद्या हठयोग्याच्या साधनेत फरक इतकाच, की योग्याला साप चावण्याची भीती नसते. स्टार्टरला ऑटो लावून घरी निजण्याची सोय आहे, ती आळशांसाठी. कारण मोटार आपोआप चालू झाली तरी पाणी वळवून बारे मोडायला माणूसच लागतो. रात्रीच्या लाइनीच्या आठवड्यात गावात कीर्तन ठेवू नये, हा अलिखित दंडक आहे. बुवांनी रात्री दहाच्या सुमारास निरूपणाला नुकता हात घालावा, शेजारच्या बोअरची मोटार घरघरावी आणि पुढच्या चार ओळी धोतरे सावरीत उठून जाव्यात, हे मी पाहिले आहे. बुवा बिचारे ‘लाइन आली वाटतं’ एवढेच म्हणाले आणि अभंग आवरता घेतला.

व्यापारी पेठेत मात्र लाइन म्हणजे चरितार्थ. कोणत्याही लग्नमंडपात अनोळखी गृहस्थाचे नाव विचारण्याआधी ‘आपली लाइन कोणती?’ असे विचारणे हा जालन्याचा शिष्टाचार आहे, आणि उत्तर बहुतकरून सळईची किंवा बियाण्याची असे येते. कारण या दोन लाइनींनीच गावाला नाव दिले. ज्याला कामधंदा नाही तोही निरुत्तर होत नाही. त्याचा मामा परस्पर सांगतो, “सध्या लाइन बदलू लागलाय तो.” असा एक तरुण माझ्या माहितीत आहे, तो लाइन बदलण्याच्या लाइनीत आता चांगला स्थिरावला आहे. लाइन मारण्याविषयी मी लिहीत नाही. ते काम ज्यांच्या वयाचे आहे ते वाचत नाहीत, आणि जे वाचतात त्यांना ते आठवून खेद होतो.

या सर्व अर्थांचा संगम पाहावयाचा असेल तर तालुक्याच्या गावी ऑनलाइनच्या दुकानात जावे. ‘ऑनलाइन’ हे आमच्याकडे क्रियापद आहे. पीकविमा ऑनलाइन करतात, सातबारा ऑनलाइन काढतात, आणि जे ऑनलाइन झाले नाही ते झालेच नाही. परवा मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलो, तेव्हा दारापुढे माणसे थोडी आणि पिशव्या, चपला व विटा अधिक अशी एक लाइन लागली होती. टँकरच्या दिवसांत रिकामा हंडा मालकाच्या वतीने उभा राहत असे, त्याच न्यायाने. मी चौकशी करताच आतील पोरगा मान वर न करता म्हणाला, “काका, लाइन नाही, म्हणून लाइन लागली. लाइनीत थांबा, लाइन आली की ऑनलाइन करून देतो.” माझ्या मागे काठी टेकून उभ्या असलेल्या आजीबाईंना त्यातला एकही शब्द समजावून द्यावा लागला नाही. त्यांनी पिशवीतून एक वीट काढली, माझ्या चपलेमागे ठेवली आणि सावलीला जाऊन बसल्या. घरून वीट घेऊन निघणाऱ्या बाईला शब्दकोश काय शिकवणार!

सावरकरांनी मराठीला ‘महापौर’ दिला, ‘दूरध्वनी’ दिला, आणि त्यांतला पहिला चांगला टिकलाही. परंतु लाइनीला बेदखल करावयाचे तर एका शब्दाने भागणार नाही. वीज, रांग, रूळ, नळ, धंदा आणि प्रेमाराधन अशी आख्खी पलटण उभी करावी लागेल, आणि ती उभी करावयाची म्हणजे पुन्हा लाइनीतच.

सबब माझा निवाडा असा की, दीर्घ, उघड आणि निर्वेध वहिवाटीमुळे मौजे लाइन हा शब्द जालना जिल्ह्याच्या कब्जात आलेला असून मूळ मालकाचे नाव कमी करून त्याचा फेरफार आमच्या नावे घेण्यात यावा. ज्या कोणा वाचकाची यास हरकत असेल त्याने ती आजपासून पंधरा दिवसांच्या आत लेखी नोंदवावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही.