नॉन-रिटर्नेबल

माझी नोकरी सोडायची इच्छा आहे, हे मला कंपनीकडून कळलं. 2022 सालची गोष्ट. एचआरच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. चहा आला, बरोबर क्रीमचं बिस्किट आलं. भोसरीत 29 वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळतं की, साधं ग्लुकोज असेल तर काळजी नाही, क्रीमचं आलं की समजावं. माझ्या मुलाच्या वयाच्या साहेबांनी कागद पुढे सरकवला. वर ठळक अक्षरांत 'स्वेच्छानिवृत्ती योजना'. "विचार करा काका, घाई नाही. शुक्रवारपर्यंत सांगा."

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "इच्छा तुमची आहे ना? मग मला कशाला विचारताय?" शुक्रवारी मी माझ्या इच्छेवर तीन ठिकाणी सह्या केल्या.

मी स्टोअर्समध्ये होतो. कंपनीतून सुई जरी बाहेर जायची तरी गेटपास लागतो, आणि तो मी लिहायचो. त्याचे दोन प्रकार. वाइंडिंगला जाणारी मोटर, धारेला जाणारे कटर, हे रिटर्नेबल. भंगारात जाणारं ते नॉन-रिटर्नेबल. शेवटच्या दिवशी माझ्या पिशवीत डबा, चष्म्याचं घर, टेबलावरचा गणपती आणि निरोपाचं घड्याळ. गेटवरच्या वॉचमनने इतकी वर्षं मला रोज नमस्कार केला होता, तोच म्हणाला, "साहेब, गेटपास?" बरोबरच होतं त्याचं. परत फिरलो, माझ्याच ड्रॉवरमधलं पुस्तक काढलं आणि लिहिला. प्रकाराच्या चौकटीपाशी पेन जरा अडलं. पण हिशेबात खोटं लिहायची सवय नाही.

पैसे एकरकमी मिळाले, नाही कशाला म्हणू? त्यातल्या 5 लाखांपर्यंत प्राप्तिकरही नाही. मात्र या सवलतीसाठी नियमात एक अट आहे : माणूस गेल्यावर रिकामी झालेली जागा भरायची नाही. कंपनीने ती भरली नाही. फक्त पुढच्या सोमवारपासून कंत्राटदाराकडचा एक मुलगा तिथे बसायला लागला. मला हे कळलं, कारण साडेनऊलाच त्याचा फोन आला. "काका, 40-62-10 चं ऑइल सील कुठे असतं?" म्हटलं, "रॅक चार, खालून दुसरा कप्पा." मग रोजच फोन. सोसायटीत लोक म्हणायचे, "निवृत्त झालात तरी किती बिझी!"

बिझी होतोच. काम नसल्याचं सिद्ध करणं हे पूर्णवेळ काम आहे, हे मला त्याच महिन्यात कळलं. भविष्यनिर्वाह निधीचा नियम तेव्हा असा होता की, महिनाभर बेकार राहिलं तर 75 टक्के काढता येतात आणि दोन महिने राहिलं तर उरलेले. म्हणजे बेकारीतही प्रोबेशन. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नसेल तर ती आपणच पोर्टलवर भरायची, तीही शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी. कंपनीने अर्थात भरलेली नव्हती. बटणावर लिहिलंय 'मार्क एक्झिट'. मी ते दाबलं, ओटीपी टाकला आणि स्वतःच्या हाताने बाहेर पडलो. या खेपेला वॉचमन नव्हता.

तरी क्लेम परत आला. आधारवरच्या माझ्या इंग्रजी नावाच्या शेवटी 'ए' आहे, पीएफच्या नावात नाही. 1993 साली टाइमकीपरने फॉर्म भरताना वाचवलेलं ते एक अक्षर. दुरुस्तीच्या अर्जावर तेव्हा मालकाचा सही-शिक्का लागायचा. म्हणून पुन्हा त्याच गेटवर. वॉचमनने मला व्हिजिटर पास दिला. 'परत जाण्याची वेळ' असा रकाना होता त्यावर. मनात आलं, चला, निदान आता आपण रिटर्नेबल झालो!

मधल्या काळात कुणीतरी सांगितलं, सरकार बेकारभत्ताही देतं. आमच्या नगरकडे भत्ता म्हटलं की चुरमुरे आणि शेव डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे चौकशीला मी उत्साहाने गेलो. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहे, 2018 पासूनची. तेव्हाच्या नियमाने नोकरी गेलेल्या कामगाराला सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त 90 दिवस, आणि आयुष्यात एकदाच. खिडकीतल्या बाईंनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं. पगार 21 हजारांच्या वर गेल्यापासून माझा ईएसआय कापलाच जात नव्हता, म्हणजे मी तसाही बसत नव्हतो. "आणि कापला असता तरी," त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वेच्छेने सोडलीय ना?" क्रीमचं बिस्किट त्यांना कसं समजावून सांगणार? म्हटलं, "हो, स्वेच्छेनेच."

दोन वर्षं उलटून गेल्यावर माझ्या जागी बसणारा तो मुलगा एका संध्याकाळी घरीच आला. कंत्राट बदललं होतं, नव्या ठेकेदाराने नवी पोरं आणली होती. याला शनिवारी सांगितलं, सोमवारपासून येऊ नको. गेटपासचं विचारलं, तर म्हणाला, "डब्याशिवाय काही नव्हतंच हो काका." मी मात्र मनातल्या मनात ताडकन उठलो. याची इच्छा कुणीही विचारली नव्हती! दोन वर्षांवर नोकरी, ईएसआय दर महिन्याला कापलेला, पगार मर्यादेच्या आत. असा निखळ बेकार मिळणं कठीण. आधार काढायला लावलं, बँकेचं पासबुक काढायला लावलं, नावातली अक्षरं दोनदा मोजली. ही आतून म्हणाली, "कितीतरी दिवसांनी खूश दिसताय." महिना भरल्यावर क्लेम टाकला आणि कागद घेऊन आम्ही दोघं ईएसआयच्या शाखेत जाऊन बसलो.

बाकावर त्याने विचारलं, "काका, तुम्हाला किती मिळाला होता भत्ता?"

"मला नाही मिळत. मी हौसेने गेलो ना."

तो हसायच्या बेतात होता, तेवढ्यात माझा फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज अगदी कोवळा. "स्टोअर्सचे काका का? सर, 40-62-10 चं ऑइल सील सापडत नाहीये, लाइन थांबलीय."

"रॅक चार," मी म्हटलं, "खालून दुसरा कप्पा."

"नाही काका," शेजारून हा कुजबुजला, "ते मी दिवाळीत पाचवर हलवलंय."