कृपया मोबाइल आडवा धरा

संकेतस्थळ कसं असावं हे आपल्याकडे भिंतीवर ठरतं. सभागृहात एसी चालू, साहेब मधोमध, ठेकेदाराचा माणूस माउस फिरवतोय आणि आठ फुटी पडद्यावर गोदाघाट उजळून निघालाय. वर डावीकडे एक मान्यवर, उजवीकडे दुसरे, मध्ये बोधचिन्ह. ‘फोटो जरा मोठा घ्या,’ एवढीच तांत्रिक सूचना होते. टाळ्या, चहा, बिल.

दुसऱ्या दिवशी निफाडचा एखादा द्राक्ष बागायतदार तेच पान फोनवर उघडतो. सगळं मुंगीएवढं, म्हणून चिमटीनं मोठं करावं तर त्याला मान्यवरांचा कान दिसतो. बोटानं सरकवत गेलं की नाक लागतं, मग दुसऱ्यांची टोपी, आणि पार उजवीकडे, पडद्याच्या शिवेबाहेर, अर्ज.

यामागं कारस्थान वगैरे काही नाही. ‘फोनची जेवढी रुंदी तेवढीच धर बाबा,’ असं पानाच्या माथ्यावर एका ओळीत सांगावं लागतं. ती ओळ नसली की फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं समजून चालतो आणि सगळंच आकसून टाकतो. काम एका ओळीचं आहे, पण एका ओळीचं टेंडर निघत नाही. ईथन मार्कोट नावाच्या अमेरिकी डिझायनरनं मे २०१० मध्येच लेख लिहून सांगितलं होतं, की फोनसाठी वेगळं, संगणकासाठी वेगळं असा संसार थाटू नका. पान एकच ठेवा, जागा पाहून ते अंग चोरेल किंवा पसरेल. एसटीत तिघांच्या बाकावर चौथा बसतो, त्यातलंच हे शास्त्र. आपल्याला ते परकं वाटायचं खरं तर कारण नव्हतं.

बरं, अर्ज सापडलाच तर पुढं शेजारी शेजारी दोन बटणं असतात: ‘जतन करा’ आणि ‘रद्द करा’. बटण निदान ४४ बाय ४४ पॉइंटांचं असावं, असं ॲपलची मार्गदर्शिका सांगते. बहुधा त्यांनी बागेत छाटणी करणाऱ्याचा अंगठा पाहिला असावा. आमची बटणं तिळाएवढी, त्यामुळे जतन करायला जावं तर नेमकं रद्द होतं. मराठीचे हाल निराळेच. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापानं ठेवलेलं, म्हणून वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांच्या झिंज्या धरतात. फोटो वीस केबीच्या आत हवा, आणि फोन तर एमबीखाली बोलत नाही. ओटीपी बघायला मेसेजमध्ये जावं, तर परत येईपर्यंत पान नव्यानं उघडतं आणि विचारतं, आपण कोण?

मग माणूस निमूट नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळचं झेरॉक्सचं दुकान गाठतो.

‘काका, मोबाइलवर नाही व्हायचं ते. आणा इकडं,’ म्हणत झेरॉक्सवाला पोरगा आधार कार्ड काचेखाली सरकवतो, मान वर न करता फोटो वीस केबीत बसवतो आणि मागच्याला विचारतो, ‘तुमचं काय, उत्पन्नाचा का?’ समोरच्याप्रमाणे आकार बदलणारी या शहरातली एकमेव यंत्रणा ती हीच. आजी आल्या की हळू बोलते, कॉलेजचं पोरगं आलं की पळते. संकेतस्थळावर ‘घरबसल्या सेवा’ असं ठळक लिहिलेलं असतं, तेही लोक इथंच रांगेत उभं राहून वाचतात.

तक्रार फारच वाढली की ॲप निघतं. ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांनी गच्च भरलेल्या फोनमध्ये जागा करून ते घ्यायचं आणि उघडायचं. आत तेच संकेतस्थळ, तोच कान.

आता सिंहस्थ तोंडावर आलाय. २०१५च्या कुंभात नाशिकचेच आणि एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकारातल्या ‘कुंभथॉन’ या उपक्रमातून इथल्या पोरांनी पावलं मोजून गर्दी सांगणारी चटई तयार केली होती. त्याच वर्षी एप्रिलात गूगलनं मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना शोधात झुकतं माप द्यायला सुरुवात केली. पावलांचं निभावलं, २०२७ ला प्रश्न अंगठ्यांचा आहे. रामकुंडावर ओल्या हातानं, प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या फोनवर, भाविक पार्किंगचा नकाशा शोधणार. तो तयारच असेल म्हणा, भिंतीएवढ्या पीडीएफमध्ये. भाविकांनी येताना डेस्कटॉप आणावा असा फलक नाशिकच्या द्वारका चौकात लावला तर निदान फसवणूक तरी होणार नाही. पर्वणीच्या मिरवणुकीत आखाड्यांमागून यूपीएस.

नाहीतर एक स्वस्त उपाय आहे. पुढच्या संकेतस्थळाची मंजुरी सभागृहात नको, शिर्डीच्या एसटीत द्यावी. गाडी भरलेली हवी. साहेबांनी एका हातानं वरचा दांडा धरावा, दुसऱ्या हातातल्या स्वतःच्या फोनवर अर्ज भरावा. शेजारी ठेकेदार उभा, त्याला माउस नाही. सिन्नर येईपर्यंत अर्ज गेला तर बिल मंजूर. नाही गेला तर कोणी उतरायचं नाही, सरळ शिर्डी गाठायची. श्रद्धा ठेकेदाराकडे आहेच, सबुरी साहेबांना तिथं मिळेल.