दीडशेची लेस, फुकटची पिशवी

"काय व माय, सकायपासून मशीन कायची चालू हाये तुही?"

आमच्या खामगावच्या घराचं वॉल कंपाउंड शेजारच्या काकूंच्या हनुवटीइतकं उंच. भिंतीवर नुसतं डोकं दिसतं, आणि डोक्याच्या आधी प्रश्न येतो.

"काकू, शाळेत उद्या 'टाकाऊतून टिकाऊ' आहे. जुन्या टी-शर्टची पिशवी न्यायचीय पोरीला."

"मंग पोट्टी काय करून राह्यली?"

पोट्टी पायरीवर बसून शेंगा खात होती. चौथीतली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या लेसकडे.

"हे कितीची?"

"दीडशेची."

"म्हंजे फुकटच्या पिशवीले दीडशेची लेस! बरा व तुमचा टाकाऊ."

डोकं गायब झालं. मला वाटलं, सुटले. पण काकू वाकळ घेऊनच परतल्या (त्या 'वाकय' म्हणतात) आणि ती भिंतीवर पसरली. खाली सासूबाईंचं नऊवारी, मध्ये मामंजींची धोतरं, वर तुकडे. "हा मोठीचा पयल्या दिवायीचा फ्राक. हा मह्या भावाचा शर्ट." लेक उठून भिंतीशी आली.

"तुम्हाला शिवायला कोणी शिकवलं?"

"कोनं शिकवते? सासूले दिसे नाई, थे सुई ओवाले लेकराइले बसवे. ओवता ओवता धावदोरा येते."

मी चेकाळून पर्यावरणावर बोलायला लागले, तर त्यांनी मला अडवलं. "पर्यावरन-बिर्यावरन काई नाई व. पांघराले नोतं, म्हून शिवत होतो." हे बाकी खरं. वाकळीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे एकदा ऐकायला हवं.

मग काकूंनी माझ्या टी-शर्टचा एक धागा ओढला आणि काडी पेटवली. धागा आक्रसला, वितळला, टोकाला काळा कडक मणी. वाकळीचा धागा भुरभुर जळाला, कागद जळाल्यासारखा वास, चिमटीत राख. "हे पाय, तुहं प्लाश्टिक. याची वाकय केली त घाम पेत नाई, आन् आंगावरून घसरते." लेकीच्या पाठ्यपुस्तकाने जे केलं नाही ते एका काडीने केलं. बाई संध्याकाळपर्यंत घरभर शर्टांच्या कॉलरमागची लेबलं वाचत हिंडल्या. पॉलिस्टर, पॉलिस्टर, पॉलिस्टर. हे कापसाच्या गावात! इथला कापूस न्यायला इंग्रजांनी १८७० मध्ये जलंब ते खामगाव रेल्वेचा फाटा टाकला होता.

लेकीच्या तक्त्यावर मी लिहून दिलं होतं, की एका सुती टी-शर्टला २७०० लिटर पाणी लागतं. आकडा जगभर फिरतो, पण आपल्याकडचा बहुतेक कापूस पावसावरचा. काकू म्हणाल्या, "पानी देवाचं. येचता येचता कंबर बायाइचीच जाते, थे लेव्ह तक्त्यावर." लिहिलं.

"गाडगेबाबांचा झगा असाच होता ना?" लेकीने वाकळीकडे पाहत विचारलं. असाच. १८७६ साली शेंडगावच्या परिटाच्या घरात जन्मलेला हा माणूस चिंध्या जोडून अंगावर घालायचा. लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत.

शाळेत ती पिशवी गेली, लेस काढून. टाके वाकडे होते, कारण लेकीचेच होते. बक्षीस दुसऱ्याच पिशवीला मिळालं. ती पिशवी कोणाच्या आईने शिवली, ते आमच्या गल्लीला माहीत आहे.

आता लेकीला स्वतःची वाकळ हवी आहे. रोज दुपारी भिंतीपलीकडे जाते, काकूंच्या सुया ओवून देते. घोडं अडलंय अस्तराला. माझी सुती पातळं मी गेल्या दिवाळीत भांडेवालीला देऊन स्टीलचा डबा घेतला. तेव्हा तुमच्या पेटीत एखादं सुती जुनेर पडलं असेल, तर भांडेवालीच्या आधी आमच्या भिंतीवरून आवाज द्या.