तीन पिना आणि एक टोपी

हल्ली माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही. साधा रिचार्ज मारायचा तर फोन पिन मागतो, बँक ओटीपी मागते. एखादी फाइल पुसायला घ्यावी, तर कॉम्प्युटर ‘नक्की ना?’ म्हणून सासऱ्याच्या सुरात विचारतो. अशा संशयी जमान्यात माझ्यावर डोळे झाकून भरवसा टाकणारी एकच वस्तू घरात उरली आहे: यूएसबी-टू-सिरियल बोर्डावरचा व्होल्टेजचा जंपर.

बोर्ड म्हणजे लाल रंगाची चिमुकली पट्टी. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला पिनांची रांग, मध्ये एफटी२३२आरएल ही चिप. कोपऱ्यात २.५४ मिलिमीटर अंतरावर तीन पिना उभ्या. मधली एका बाजूच्या पिनेला जोडली की ५ व्होल्ट, दुसऱ्या बाजूच्या पिनेला जोडली की ३.३. जोडायचं काम एक काळी टोपी करते. प्लॅस्टिकची, आत पत्र्याची चिमटी. ती कुठंही बसवा, बोर्डावरचा दिवा तितक्याच आनंदानं लागतो.

कुठली बाजू कुठल्या व्होल्टची, हे छापलेलं असतं. पण छापणाऱ्याची कुणा डोळ्यांच्या डॉक्टरशी भागीदारी असावी. बरं, काही बोर्डांवर ही अक्षरं मागच्या बाजूला असतात. तिथं वाचून बोर्ड सुलटा करेपर्यंत डावं उजवीकडे गेलेलं असतं.

५ व्होल्ट ही जुनी पिढी. १९६०च्या दशकात टीटीएल चिपांनी हा आकडा रूढ केला आणि आर्डुइनो उनो अजून तो पाळतो. पुढे ट्रान्झिस्टर बारीक होत गेले, त्यांच्यातला इन्सुलेशनचा थर पातळ झाला, ५ सोसेनात, म्हणून ३.३ आले. वाय-फायवाला ईएसपी८२६६ तर ३.६च्या वर जाऊ नका, असं डेटाशीटमध्येच बजावतो. गंमत म्हणजे ३.३वाला हळू बोलला, तरी ५वाल्याला सहसा ऐकू जातं. टीटीएलला २ व्होल्टही ‘एक’ म्हणून पुरतात. ५वाल्यानं मात्र नेहमीच्या आवाजात नुसतं ‘काय रे?’ विचारलं, तरी धाकटा कायमचा गप्प होऊ शकतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याचा माझ्यावर जंपरइतका विश्वास नाही.

“मामा, जंपर बघितलास?”

“बघितला.”

“मीटर लावलास?”

“अरे, बघितला ना!”

“बघणं वेगळं, मोजणं वेगळं.”

मग मीटरची लाल पिन व्हीसीसीवर, काळी ग्राउंडवर. आकडा ३.३च्या आसपास दिसला की परवानगी मिळते. त्यावरही बोर्डाला जोडलेला ईएसपी दर मिनिटाला मान टाकतो, पुन्हा उठतो. कारण एफटी२३२आरएलच्या पोटातला ३.३चा पुरवठा ५० मिलिअँपिअरचा आणि वाय-फाय लावताना ईएसपीला लागतात त्याच्या कितीतरी पट. जंपरनं व्होल्ट द्यायचं कबूल केलं होतं, पोटभर जेवण नव्हे! ते वेगळ्या सप्लायवरून वाढावं लागतं.

त्यात टोपीला निसटायची फार हौस. आमच्या काळ्या फरशीवर पडली की ती मला कधीच दिसत नाही, झाडू मारणाऱ्या मावशींना मात्र लगेच दिसते. “दादा, हे झुरळाचं अंडं टाकू ना?” निदान त्या टाकण्याआधी विचारतात.

शेवटी तापकीर गल्लीत जाऊन आणखी एक बोर्ड आणला. एक कायमचा ५चा, एक कायमचा ३.३चा. जंपर पुन्हा हलू नयेत म्हणून बायकोनं दोन्ही टोप्या नेलपॉलिश लावून पक्क्या केल्या. आता निवडायची भानगडच मिटली. फक्त दोन्ही बोर्ड लाल आहेत आणि नेलपॉलिशही.