साकोलीची ५४ चिन्हे

साकोलीत मोबाईल रिसेट झाला, तरी माणूस लगेच घाबरत नाही. 'बॅकअप हाये ना!' असे टपरीवर छाती फुगवून सांगतो. आणि खरेच, नाव-नंबरांची व्हीसीएफ नावाची फाईल निघते.

उघडली, तर तिच्यात मामा नाही, धानवाला नाही. नुसती बरोबरची चिन्हे, रोमन अक्षरे आणि आकडे.

भानामती वगैरे काही नाही. अशा फाईलच्या १९९६मधल्या व्हीकार्ड २.१ या साच्यात देवनागरी नाव वेष पालटून बसते. यूटीएफ-८ या संगणकी अक्षर-संकेतात देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन-तीन बाइट खाते, आणि या वेषात एकेका बाइटला पुन्हा तीन चिन्हे लागतात. म्हणजे 'साकोली' लिहायला ५४ चिन्हे! रोमन लिपीत सहा अक्षरांत भागते. त्यात ओळ ७६ चिन्हांपुढे जाऊ द्यायची नाही, हा नियम. लांब नाव मध्येच तुटते आणि कच्चे ॲप उरलेले गिळून मोकळे होते.

धड ॲप मिळाले, की सगळी नावे जशीच्या तशी परततात: 'वायरमन', 'वायरमन नवा', 'वायरमन नवा फोन उचलतो तो'.