दोन सेंटांची दारिद्र्यरेषा

2023 साली अमेरिकी गायक पोस्ट मलोननं ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळातला एक पत्ता सुमारे 20 लाख डॉलर मोजून घेतला. जगात त्याची एकच प्रत. श्रीमंतांचं ठीक असतं, त्यांना जिंकावंही लागत नाही.

गरिबांची सोय याच खेळाच्या इंटरनेटवरच्या ‘मॅजिक ऑनलाइन’ या रूपात आहे. 2002पासून चालणाऱ्या या बाजारात चलन म्हणजे ‘तिकीट’, किंमत एक डॉलर. तिकिटाची मोड मिळत नाही. पत्ते विकायला बसलेले असतात बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम. दोन सेंटांचा पत्ता घेतला की उरलेले अठ्ठ्याण्णव ते खात्यावर जमा ठेवतात. उधारीचं खातं सगळ्यांनी पाहिलंय, इथं गिऱ्हाईकच दुकानदाराला उधार देतं!

काटकसरी खेळाडूंनी यातून ‘पेनी ड्रेडफुल’ नावाचा प्रकार काढला. नियम एकच महत्त्वाचा: 0.02 तिकीट किंवा त्याहून स्वस्त पत्तेच चालतील. म्हणजे 60 पत्त्यांचा अख्खा डेक सव्वा डॉलरच्या आत.

आता गंमत बघा. एखादा पत्ता जिंकून देतो हे कळलं की सगळे त्याच्यावर तुटून पडतात. मागणी वाढते, भाव चढतो आणि खेळातल्या पत्त्यांचा नवा संच आल्यावर यादी पुन्हा ठरते तेव्हा तो पत्ता दारिद्र्यरेषेच्या वर गेलेला असतो. पात्रता रद्द. गरिबी टिकवायला इतकी काटेकोर तपासणी सरकारी शिधापत्रिकेसाठीही होत नसेल.

तरीही हौशी लोकांनी चालवलेला हा प्रकार खेळ काढणाऱ्या कंपनीच्या महागड्या स्पर्धांपेक्षा जास्त प्रामाणिक आहे: इथं हरलेल्याला पाकिटाला दोष देता येत नाही.